धावणाऱ्याचे घड्याळ आणि वऱ्हाडातले मोजमाप

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. गेल्या काही भरत्यांच्या गुणतक्त्यात ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आलेल्याला २० पैकी २० गुण आहेत आणि त्यानंतर ५ मिनिटे ३० सेकंदांपर्यंत आलेल्याला १८. म्हणजे वीस सेकंदांना दोन गुण. आपल्या जुन्या कालगणनेत घटिका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. त्याहून बारीक विपळ होते, पण ते ज्योतिषाच्या पोथीत. घटिकापात्र पाण्यात सोडून बसणाऱ्या माणसाच्या हाती पळ लागले तरी पुष्कळ. आज अकोला जिल्ह्यातल्या पातूरसारख्या तालुक्याच्या गावात पहाटे रनिंग मारणाऱ्या पोराची नोकरी त्या एका पळाहूनही लहान फरकावर ठरू शकते. ‘टायमिंग किती येते?’ हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न, आणि ‘घड्याळ कोणते घ्यावे?’ हा त्याच्या पाठोपाठ येणारा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानातल्या काचेपेक्षा इतिहासात शोधणे मला जास्त उपयोगाचे वाटते. कारण या मुलखात माणसे शतकानुशतके धावली, पण त्यांच्या धावण्याचे माप जवळजवळ नेहमी दुसऱ्याच्या हाती राहिले. ते त्यांच्या स्वतःच्या मनगटावर आले ते अगदी अलीकडे. म्हणून घड्याळ निवडताना पहिली कसोटी अशी असावी की, शेवटी आपल्याला जो मोजणार आहे त्याच्याच मापाने आपण आज स्वतःला मोजू शकतो का. बाकीच्या सोयी त्यानंतर.

पातूरचे स्थान पाहिले तरी धावणे आणि मोजणे यांचा संबंध कळू लागतो. वऱ्हाडाचे दोन भाग परंपरेने मानले जातात, उत्तरेचा सखल काळ्या मातीचा पायनघाट आणि दक्षिणेचा डोंगराळ बालाघाट. पातूर या दोहोंच्या सांध्यावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेकडे बाळापूर-अकोल्याचे सपाट रान आणि दक्षिणेकडे मालेगाव-वाशीमला चढत जाणारा घाट. असल्या वाटेवर अंतर कोसात सांगितले जाई आणि कोस मुलखागणिक बदले. रेल्वे आणि तार येण्यापूर्वी पत्रे पोचवणारे जासूद, कासीद आणि हरकारे याच प्रकारच्या वाटांनी जात. मराठेशाहीत जासुदांच्या जोड्या पाठवण्याची रीत होती आणि तातडीच्या कामी अजुरा, म्हणजे मजुरी, ठरवून, अमुक दिवसांत पोचण्याच्या बोलीवर माणसे धाडली जात. ही बोली दिवसांची होती. जासूद वाटेत कुठे किती वेगाने चालला, घाटात किती दमला, सपाटीला कुठे वेळ भरून काढला याला किंमत नव्हती. पत्र निघाल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस एवढेच दोन टोकांचे माप आणि तेही पत्र पाठवणाऱ्याचे. पायांनी वाट तुडवणाऱ्याला स्वतःच्या चालीचे ज्ञान नक्कीच असणार, पण त्याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून त्या पिढ्यांतला उत्तम धावणारा कोण होता हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले आणि त्यानंतरच्या काही दशकांत इथे अंतर आणि वेळ या दोन्ही गोष्टी सरकारी झाल्या. सडकांवर मैलाचे दगड आले. महसुली मोजणीसाठी शेतांवर साखळी फिरली. ही साखळी ३३ फुटांची आणि तिच्याइतक्या लांबी-रुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर शेतकऱ्याच्या बोलण्यात आजही आहे, मात्र त्यात एक लांबीचे मापही दडले आहे हे सहसा लक्षात येत नाही. अशा १६० साखळ्या म्हणजे बरोबर एक मैल. १६०० मीटरची धाव ही मुळात त्या मैलाचीच दशमान सावली आहे. पूर्ण मैल १६०९ मीटरांहून थोडा जास्त भरतो, म्हणून ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या पुरतात आणि नऊ मीटर सोडून दिले जातात. अंतर असे जमिनीवर खुणा करून बसले. वेळ मात्र रेल्वेबरोबर आली. १८६७मध्ये लोहमार्ग अकोल्यावरून नागपूरपर्यंत पोचला आणि १ जानेवारी १९०६पासून देशाची एक प्रमाणवेळ लागू झाली. स्टेशनातले घड्याळ, कचेरीतला टोला, जिनिंग-प्रेसिंगचा भोंगा हे सगळे माणसाला वेळ सांगत होते, पण किती वाजले एवढेच. एखाद्या कृतीला किती वेळ लागला हे सांगणारे यंत्र वेगळे असते आणि ते खेड्यात पोचायला आणखी बराच काळ जायचा होता.

तसले यंत्र मराठी धावणाऱ्याच्या आयुष्यात पहिल्यांदा निर्णायक ठरल्याचा प्रसंग पुण्याचा आहे आणि तो वऱ्हाडाच्या पोरांनीही माहीत करून घ्यावा असा आहे. पहिले महायुद्ध संपल्यानंतर दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून उपस्थित होते. धावणारे बहुतेक शेतकरी होते, अनवाणी पायांचे, युरोपीय शिस्तीची ओळख नसलेले. मुख्य शर्यत सुमारे पंचवीस मैलांची आणि आयोजकांची कल्पना अशी की ती मैदानालाच फेऱ्या मारून पुरी करावी. असली शर्यत रस्त्याने, मोकळ्या मुलखातून धावायची असते हे टाटांनी समजावून सांगितले. त्यांच्या मनात पुढे राहिली ती दुसरीच गोष्ट. या माणसांनी घेतलेला वेळ त्यांनी युरोपातल्या तेव्हाच्या वेळांशी ताडून पाहिला आणि तो लाजिरवाणा नव्हता. भारतीय खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्याची खटपट यातून उभी राहिली. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही घड्याळ निवडणाऱ्याच्या कामाच्या आहेत. पहिली ही की ते शेतकरी त्या दिवशी एकाएकी वेगवान झाले नव्हते. ते आधीही तसेच धावत असणार. पण ज्याला वेळेचा अर्थ लागत होता असा माणूस तिथे हजर होता, म्हणून त्यांचा वेग जगाला दिसला. त्यांना स्वतःला तो आकडा वाचता आला असता तर त्यांच्या गुणवत्तेला एखाद्या टाटांच्या येण्याची वाट पाहावी लागली नसती. दुसरी गोष्ट अंतराची. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्या ठरलेल्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्धा किलोमीटर लांब. चौगुल्यांचा वेग किलोमीटरला जवळपास चार मिनिटांचा पडतो. त्याच वेगाने आजचे अंतर धरले तर वेळ सुमारे २ तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटे होते. नुसते २:५० वाचणारा त्यांच्यावर दोन मिनिटांचा अन्याय करतो. अंतर पक्के नसेल तर घड्याळ कितीही अचूक असले तरी ते काहीच सांगत नाही.

खुद्द वऱ्हाडात याच सुमारास शरीर कमावण्याची एक मोठी संस्था उभी राहत होती. १९१४मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीला हनुमान आखाड्यातून सुरू केलेले काम पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आले आणि १९३६मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आखाड्याचे माप कसे असते ते इथे आठवावे. जोर किती, बैठका किती, मल्लखांबावर कोणती उडी साधली. वेळेचा प्रश्न नाही, अंतराचा नाही. संख्या आहे, ती करणाऱ्याच्या तोंडात आहे, आणि काल शंभर जोर मारले तर आज एकशे दहा मारायचे हे ठरवायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. धावण्याच्या बाबतीत गावाला हे स्वातंत्र्य नव्हते. म्हणूनच की काय, आपल्याकडे खेडोपाडी जोर-बैठकांची शिस्त लागली तशी धावण्याच्या सरावाची लागली नाही, असे मला वाटते. ज्या श्रमाचे माप करणाऱ्याला स्वतःला घेता येते त्यात तो टप्प्याटप्प्याने वाढतो. ज्याचे येत नाही ते तो अंदाजाने आणि बहुतेक वेळा जिवावर उदार होऊन करतो.

मनगटी घड्याळ गावात आले तेव्हाही ही अडचण सुटली नव्हती. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढची पंचवीस वर्षे हे घड्याळ लग्नात जावयाला, निवृत्तीत गुरुजींना मिळत राहिले. तो मानाचा दागिना होता. घालून धावावे अशी ती वस्तू नव्हती. सेकंद थांबवता येणारे स्टॉपवॉच शाळेत असलेच तर पीटीच्या सरांच्या कपाटात असे आणि स्पर्धेच्या दिवशीच त्यांच्या हाती दिसे. हाताने लावलेल्या त्या वेळेला मर्यादाही होत्या. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग यांची ४०० मीटरची वेळ हाताच्या घड्याळाने ४५.६ सेकंद नोंदली गेली, विद्युत यंत्राने तीच धाव ४५.७३ ठरली. पिस्तुलाचा आवाज ऐकून बोट हलेपर्यंत काही क्षण जातात, म्हणून १०० मीटरच्या हाती वेळेत ०.२४ सेकंद मिळवून तिची यंत्राच्या वेळेशी तुलना करण्याची रीत पडली. भरतीतल्या १०० मीटरच्या धावेलाही हे लागू आहे. मित्राने मोबाइलवर लावलेले ११.४ सेकंद म्हणजे मैदानावर ११.५च्या आतले पूर्ण गुण, असे समजून चालणे धोक्याचे.

खरा बदल झाला तो क्वार्ट्झच्या स्वस्त डिजिटल घड्याळाने. सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९च्या नाताळात विकायला काढले तेव्हा ते चैनीचे होते. वीस वर्षांनी, १९८९मध्ये आलेल्या कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे स्टॉपवॉच होते आणि त्याची किंमत मजुराच्या पोरालाही आवाक्यात वाटावी अशी. त्याच्यासारखी आणि त्याची नक्कल केलेली घड्याळे आठवडी बाजारापर्यंत पोचली. सरांच्या कपाटातले यंत्र पोराच्या हातावर आले. धावण्याच्या इतिहासात ही घटना मी उपग्रहांच्या आगमनापेक्षा मोठी मानतो, कारण मोजणारा आणि धावणारा एकच माणूस असण्याची सोय सामान्य घरात पहिल्यांदा तिने केली.

उपग्रहांची गोष्ट त्यानंतरची. अमेरिकेने आपल्या जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २०००मध्ये काढून टाकली. तोवर नागरी वापराच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चूक होऊ शकत असे. २००३मध्ये गार्मिनचे फोररनर आले आणि धावणाऱ्याच्या हातावर अंतरही दिसू लागले. नाडीचे ठोके मोजणारी बिनतारी यंत्रे फिनलंडच्या पोलर कंपनीने त्याच्या दोन दशके आधीच आणली होती. पावले मोजणारी तर त्याहून जुनी. दिवसाला दहा हजार पावलांचा जो आकडा आज प्रत्येक पट्ट्यावर दिसतो तो १९६०च्या दशकातल्या एका जपानी यंत्राच्या नावातून आला आहे, कोणत्या वैद्यकीय प्रयोगातून नव्हे. हे सांगण्याचे कारण एवढेच की घड्याळ जे दाखवते ते महत्त्वाचेच असते असे नाही. पुष्कळदा ते मोजायला सोपे असते म्हणून दाखवले जाते.

आता हिशेब करून पाहू. ५:१० म्हणजे ३१० सेकंदांत १६०० मीटर, सेकंदाला सव्वापाच मीटरांच्या जरा आत. ४०० मीटरच्या प्रत्येक राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. उपग्रहाचे घड्याळ ठरावीक अंतराने जागा टिपते आणि ते ठिपके जोडून लांबी काढते. गोल मैदानावर वळणे सतत असतात आणि ठिपके थोडे इकडेतिकडे पडतात, त्यामुळे लांबी थोडी वाढून दिसणे नित्याचे. समजा घड्याळाने एकच टक्का जास्त दाखवले. मग १६०० मीटर झाल्याचा इशारा १५८४ मीटरवर येईल आणि ५:०८ पाहून खूश झालेला मुलगा प्रत्यक्षात ५:११चा निघेल. दोन गुण गेले. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींचे मार्गसुद्धा उपग्रहाने नव्हे तर सायकलच्या चाकाला बसवलेल्या जोन्स काउंटर नावाच्या साध्या गणकाने मोजून प्रमाणित होतात आणि मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जादा धरला जातो. म्हणून माझे म्हणणे असे की ज्याचे ध्येय ठरावीक अंतर ठरावीक वेळेत कापणे हे आहे, त्याने आधी अंतर जमिनीवर पक्के करावे आणि मग प्रत्येक राउंडला एक बटण दाबून वेळ टिपणारे, बऱ्याच राउंडची नोंद राखणारे साधे घड्याळ घ्यावे. महागडे असेल तरी हरकत नाही, पण मैदानावर त्याचा उपग्रह बंद ठेवून राउंडचे बटणच वापरावे.

यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप जिवाचा आहे. २०१४च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावेत उमेदवारांचे मृत्यू झाले आणि नंतर ते अंतर कमी करण्यात आले. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा वेळी नाडी दाखवणारे घड्याळ ही चैन कशी म्हणायची? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. उन्हात त्याच वेगाला नाडी चढत जाते हे खरे आहे, आणि लांबच्या, सावकाश धावेत नाडीवर लक्ष ठेवले तर रोज स्वतःला पिळून काढण्याची आपल्या मुलांची सवय कमी होईल. तेवढ्यासाठी ते यंत्र घ्यायला माझी ना नाही. पण मनगटावरचा दिवा रक्ताची हालचाल पाहून अंदाज बांधतो. पट्टा सैल असला, घाम आला, हात जोरात हलला की तो चुकतो, आणि हृदयाचा दडलेला आजार तर त्याला दिसतच नाही. त्या मुलांना हवी होती ती आधीची तपासणी, पाणी, पहाटेची वेळ आणि महिनोन्‌महिन्यांची हळूहळू केलेली तयारी. त्यातली फक्त शेवटची गोष्ट घड्याळ देऊ शकते आणि ती साधे घड्याळही देते, जर रोजची वेळ वहीत लिहिली तर.

दुसरा आक्षेप बरोबर उलट बाजूने येतो. चौगुल्यांकडे कुठे घड्याळ होते? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत धावत जायचा, तेव्हा त्याच्या हातावर काय होते? ही उदाहरणे खरी आहेत, पण ती अर्धी सांगितली जातात. साबळे सैन्यात गेला, तिथे त्याला प्रशिक्षक, मोजलेले मैदान आणि प्रत्येक फेरीची वेळ मिळाली. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकले; सुवर्ण मिळवणारा केनियाचा धावपटू ११.१५ला आला होता. पाच शतांश सेकंदांचा फरक जिथे निकाल लावतो तिथवर पोचायला वाटेत कुठेतरी मोजणे सुरू करावेच लागते. बालपणी मोजमापाशिवाय धावलेला एक जण जगापुढे येतो तेव्हा तसेच धावलेले किती जण कोणाला न दिसता राहिले, हा प्रश्न जासुदांच्या काळापासून उभाच आहे.

तिसरे म्हणणे व्यवहाराचे आहे. प्रत्येक गावात कुठे ४०० मीटरचे मैदान असते? पोरे सडकेवर धावतात, मग उपग्रह नको तर काय? सडकेवर अर्ध्या-पाऊण तासाची धाव करायची असेल तर त्याचा उपयोग आहे, आणि त्या कामाला खिशातला मोबाइलही पुरतो. मात्र पातूरच्या मुलाने एक लक्षात ठेवावे. तो अकोल्याच्या बाजूला गेला तर सपाटी आहे, घाटाकडे वळला तर चढ, आणि किलोमीटरला किती मिनिटे लागली हा आकडा दोन्हीकडे सारखा वाचता येत नाही. घाटातला हळू आकडा पाहून खचण्याचे किंवा उताराचा पाहून फुशारण्याचे कारण नाही. मैदानाबद्दल म्हणाल तर शाळेच्या आवारात किंवा पीक निघालेल्या सपाट वावरात फेरी आखणे मोजणीच्या टेपने एका सकाळचे काम आहे. ती चारशेचीच हवी असेही नाही. दोनशेची असली तर आठ राउंड मारता येतील. आखताना एवढे सांभाळावे की कडेला नुसती फक्कीची रेघ असेल तर तिच्यापासून वीस सेंटिमीटर बाहेरून लांबी मोजायची असते. आणि धावताना आतल्या कडेला राहायचे, कारण एक मीटर बाहेरून पळाले की दर राउंडला सहा मीटरांहून जास्त अंतर वाढते. चार राउंडचे पंचवीस मीटर, म्हणजे सुमारे पाच सेकंद. घड्याळाच्या कोणत्याही दोन मॉडेलांमधल्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे.

भरतीच्या मैदानावर आता उमेदवाराच्या अंगावर आरएफआयडीची चिप असते आणि रेघ ओलांडल्याची वेळ यंत्र नोंदवते. हाताच्या घड्याळाबद्दलच्या शंका त्यामुळे बऱ्याच मिटल्या, पण मोजणारा पुन्हा समोरच्या बाजूलाच राहिला. ज्याने सहा महिने मोजलेल्या फेरीवर स्वतःची वेळ लिहून ठेवली आहे त्याला तिसऱ्या राउंडला किती यायला हवे हे ठाऊक असते. पहिला राउंड सत्तरमध्ये काढून शेवटचा नव्वदमध्ये ओढत आणण्याची चूक तो करत नाही. मुलींच्या ८०० मीटरला हे आणखी लागू आहे. तिथे पूर्ण गुणांसाठी २ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे दोन राउंड, प्रत्येकी ८५ सेकंद; पहिल्यात चूक झाली तर ती भरून काढायला एकच राउंड उरतो. घरात मुलाच्या ॲकॅडमीची फी भरली जाते आणि मुलीला त्याच्या हातचे जुने घड्याळ मिळते, असे जिथे होते तिथे त्या घड्याळाचे राउंडचे बटण चालते की नाही एवढे आधी पाहावे, आणि चालत नसेल तर तिच्यासाठी नवे घ्यावे.